लाइन गेली तरी खेळ चालूच

आमच्या विहीणबाईंशी ज्याचं भांडण होणार नाही, असा माणूस अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत अजून जन्माला यायचा आहे. आणि जन्मलाच, तर विहीणबाई त्याच्या बारशाला जाऊन पाळण्याची दोरी ओढण्यावरून तिथंच सुरुवात करतील. विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीच्या सासूबाई. म्हणजे ज्या बाईसमोर मला जन्मभर मान खाली घालून 'हो ना, तुमचंच बरोबर' एवढंच म्हणायचं आहे, ती बाई. रिटायर होईपर्यंत त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडून द्यायचा आणि लोक ऐन सुखदुःखात आले की मध्येच शिरून 'तीन मिनिटं झाले, वाढवायचे काय?' असं विचारायचं, हे त्यांनी इतकी वर्षं केलं की पुढे त्यांना माणसाचं बोलणं अर्ध्यात तोडल्याशिवाय जेवण जाईना. लेकीच्या साखरपुड्यात माझे थोरले दीर दोन शब्द बोलायला उभे राहिले. सगळ्या पाहुण्यांसमोर यांनी आवाज दिला, "तीन मिनिटं झाले!" दीर बसले ते आजतागायत कुठल्या समारंभात उभे राहिलेले नाहीत. मला हसावं की रडावं कळेना. मी आपली पेढ्यांचं ताट घेऊन उभी.

अशा बाईच्या घरी राहायची वेळ माझ्या वैऱ्यावरही येऊ नये. माझ्यावर आली. आमचे हे अकोटला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतला मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहायचा आणि प्रत सांगायची, एवढंच काम. पण त्या वर्षांत आमच्याकडे कापसापेक्षा भांडणं जास्त पिकत होती. प्रत खाली सांगितली की समोरचा शेतकरी डोळ्यांत पाणी आणून उभा राही, वरची सांगितली की केंद्राचा साहेब लाल डोळे करून उभा राही. हे दोघांनाही एकच उत्तर देत, "हाय ते हाय." मुळातच मोजकं बोलणारा माणूस, पण त्या मोजक्या बोलण्यात खोटं एक अक्षर सापडायचं नाही. एक दिवस केंद्रावरच, हातात कापूस असताना, ते कोसळले. उजवा हात गेला आणि वाचा गेली. अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, यांना ऐकू येतं, समजतंही सगळं, शब्द तेवढा जिभेवर येत नाही. पहिल्या काही महिन्यांत जे बोलणं परत येईल ते येईल, नंतर फार आशा धरू नका. जितकं बोलतं करता येईल तितकं करा.

बोलतं करा म्हणणं सोपं आहे हो. भेटायला येणारा प्रत्येकजण यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन, बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडायचा, "म्हणा, आ...ई! म्हणा, पा...णी!" यांच्या डोळ्यांत अपमान दिसायचा. तोंड घट्ट मिटून ते भिंतीकडे वळायचे. मीसुद्धा गोडीगुलाबीनं प्रयत्न केले, रडून केले, एकदा रागावूनही केले. पस्तीस वर्षं ज्या माणसाच्या 'अवं' या हाकेनं माझा दिवस उगवला, त्याची हाक आता पुन्हा कानावर पडणार की नाही, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं.

अकोटहून दर दोन दिवसांनी एसटीनं यांना डॉक्टरकडे आणणं जमेना, तेव्हा विहीणबाईंनी हुकूम सोडला, "माह्या घरी राहा. वरचा मजला रिकामाच हाय." त्यांचं घर अमरावतीतच, राजापेठेत. त्या एकट्या, मुलगा आणि आमची लेक नोकरीनिमित्त बंगलोरला. पण लेकीच्या सासरी आईबापानं पाणीसुद्धा पिऊ नये, अशा वळणात वाढलेली मी. चाचरत तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "पानी महानगरपालिकेचं हाय, माह्यं नाई. तुमी पालिकेच्या घरी लेक देल्ली काय?" कर्म माझं! गेलो राहायला. यांची वाचा आजारानं गेली होती, माझी नात्यानं गेली. एका घरात दोन मुके आणि तिघांचं मिळून बोलणाऱ्या विहीणबाई.

त्यातच त्यांचा तो वर्ग. जावईबापूंनी आईचे गुडघे धरतात म्हणून बंगलोरहून एक व्हिडिओ गेम पाठवला होता. टीव्हीच्या डोक्यावर ठेवायची एक काळी पट्टी आणि तिच्यात कॅमेरा. आपण टीव्हीसमोर उभं राहून हात हलवला की पडद्यावरची बाहुली हात हलवते, आपण उडी मारली की ती उडी मारते. हातात काही धरायचं नाही, बटण दाबायचं नाही. आईनं घरात एकटीनं रोज थोडा व्यायाम करावा, इतकीच त्या बिचाऱ्या मुलाची इच्छा. "एकटीनंच नाचाले मी काय येडी झाली?" असं म्हणून विहीणबाईंनी खालच्या हॉलमध्ये सकाळचा वर्गच काढला. हॉलमध्ये पूर्वी शिकवणी चालायची. सर दुसऱ्या गल्लीत गेले, पण जाताना बाकं आणि भिंतीवरचं 'यशाची हमी' तेवढं ठेवून गेले. त्या हमीखाली गल्लीतल्या बायका उड्या मारू लागल्या. त्यांत दोघी अगदी नेमाच्या. एक शमीमआपा, फळांच्या गाडीवाल्या बागवान घरातल्या. दुसऱ्या गजरे विकणाऱ्या काकू. दोघी पहाटेपासून पाट्या उचलणाऱ्या. मी एकदा धीर करून म्हटलं, "विहीणबाई, यांना आणखी कशाला व्यायाम?" त्या म्हणाल्या, "ते काम हाय. हा व्यायाम हाय. दोन्हीत फरक हाय, इहीनबाई." आमच्याकडे विहिणीला इहीन आणि व्याह्याला इवाई म्हणतात, आणि त्या 'इहीनबाई' असं म्हणायच्या की मला शाळेत बाकावर उभं केल्यासारखं वाटायचं.

पहिल्या दिवशी गोंधळ झाला तो लुगड्यांचा. शमीमआपांच्या सलवारीतले पाय कॅमेऱ्याला लगेच सापडले. गजरेवाल्या काकू पाचवारी नेसून उभ्या राहिल्या, तर यंत्राला त्यांचे पाय कुठं सुरू होतात आणि कुठं संपतात ते कळेना. पडद्यावरची बाहुली एका पायावर गरगर फिरली आणि दुसरा पाय तिनं थेट कानाला लावला. काकू किंचाळल्या, "अवं माय, माहा पाय कुठी गेला वं?" त्यातून पडद्यावर कसरत शिकवायला एक बिनबाह्यांचा गोरा तरुण यायचा. त्याला पाहिलं की काकू डोक्यावर पदर ओढून घेत, मग यंत्राला त्यांचे खांदेही दिसत नसत. दुसरी एखादी बाई असती तर म्हणाली असती, उद्यापासून पंजाबी ड्रेस घालून या. विहीणबाईंनी फर्मान काढलं, "समद्यायनं कास्टा घाला!" आणि काय सांगावं, कास्टा घातल्याबरोबर यंत्राला पाय दिसले. मग काय, आज्या घालत तसे कास्टे घालून राजापेठेतल्या बायका हवेत बुक्क्या मारू लागल्या. त्या घोळक्यात मीही होते. माझ्या सासूबाई वरून पाहत असतील तर त्यांना काय वाटत असेल, या विचारानं मला घाम फुटायचा, तेवढाच माझा व्यायाम.

विहीणबाईंचं माहेर रिद्धपूरचं, महानुभाव. वर्गाची सुरुवात दंडवतानं, तीही नुसते हात जोडून नाही. गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून. एकदा यंत्र चालू ठेवूनच त्यांनी दंडवत घातलं, आणि पडद्यावर धडाधड गुण चढले. यंत्रानं त्याला बैठक समजून मोजलं होतं. "पाहा, मशीनलेबी मानवलं!" विहीणबाईंना कोण आनंद. शमीमआपा शांतपणे म्हणाल्या, "फिर तो आपा, मेरी कसरत सुबे घरसेच होके आती." तेव्हापासून विहीणबाई शमीमआपांना रोज थोडे गुण आधीच देऊन टाकत. गजरेवाल्या काकूंनी तक्रार केली की हा अन्याय आहे. त्यावर एक भांडण झालं आणि त्यात सकाळचा सगळा वर्ग गेला.

पण यंत्र काय, बिचारं यंत्र होतं. खरी पंचाईत लाइनीची, म्हणजे विजेची. त्या दिवसांत भारनियमन असं होतं की लाइन कधी जाईल त्याचं वेळापत्रक वर्तमानपत्रात येई आणि कधी येईल ते कुणालाच माहीत नसे. ऐन खेळात टीव्ही विझायचा. शहाण्या माणसानं अशा वेळी घरी जावं. विहीणबाई विझलेल्या टीव्हीसमोर पाठ करून उभ्या राहत आणि जाहीर करत, "आता मी टीव्ही हाय!" त्यांचा आवडता खेळ बाटल्यांचा. पडद्यात दूर टोकाला दहा बाटल्या उभ्या असतात, आपण चेंडू घरंगळत सोडायचा आणि त्या पाडायच्या. लाइन गेली की आपण नुसता रिकामा हात झुलवायचा, आणि किती बाटल्या पडल्या ते विहीणबाई सांगणार. तोंडानं चेंडूचा आवाज काढायच्या, "घर्र्र... धडाड!" कुणाचा नेम चुकला की "ट्राय अगेन!" आणि वेळ झाली की "तीन मिनिटं झाले!" त्यांच्या स्वतःच्या पाळीला मात्र दहाच्या दहा पडत. दर वेळी. टाळ्याही त्याच वाजवायच्या. मी भिंतीला टेकून पाहायची आणि मनात म्हणायची, देवा, माझ्या लेकीनं या घरात दिवस कसे काढले असतील!

आणि मग एक दिवस त्या जिना चढून वर आल्या. यांच्या पलंगाशी उभ्या राहून म्हणाल्या, "इवाई, चला खाली. एक गडी कमी पडून राहिला." आजारी माणूस, धड उभं राहता येत नाही, त्याला बायकांच्या घोळक्यात नेऊन बसवायचं? मी मान खाली घालून म्हटलं, "ते... जरा विश्रांती..." "तीन महिने झाले विश्रांतीले," म्हणत त्यांनी यांची काठी यांच्या डाव्या हातात दिलीसुद्धा. हे खाली आले, खुर्चीवर बसले. त्यांनी डावा हात झुलवून पाहिला, पण यंत्राला खुर्ची कुठली आणि माणूस कुठला हे ओळखू येईना. पडद्यावर बाहुलीच उमटेना. मला इतकं वाईट वाटलं! यंत्रालासुद्धा माझा माणूस दिसेनासा झाला. हे उठायला निघाले, तेवढ्यात लाइन गेली. विहीणबाई ओरडल्या, "आली पाळी! इवाई, टाका चेंडू!"

म्हणजे लाइन असेपर्यंत बायकांचा खेळ आणि लाइन गेली की यांचा. हे रोज खाली येऊ लागले. विहीणबाई तर भारनियमनाची वाट पाहू लागल्या. साऱ्या विदर्भात तेवढी एकच बाई असेल. पण खेळायच्या कशा? चोरासारख्या. हे डावा हात इतका जपून, इतका नेमानं सोडत, की मलासुद्धा हवेतला चेंडू सरळ जाताना दिसायचा. आणि विहीणबाई डोळे बारीक करून म्हणायच्या, "सात... नाई, सहा. एक हालून राहिली होती, पडली नाई." किंवा, "भाऊ, तुमचा चेंडू बाजूच्या नालीत गेला." आणि स्वतः उलट्या हातानं कसाबसा झटका दिला की "दहा! धडाड!" असा माझा संताप व्हायचा म्हणून सांगू! ज्या माणसाला बोलून भांडता येत नाही, त्याला असं फसवायचं? यांची मानेवरची शीर फुगायची, ओठ थरथरायचे. एकदा मी शमीमआपांजवळ बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छोड दो बहन, भाईसाब का चेहरा तो देखो. कम से कम लाल तो हुआ." मला काही ते पटलं नाही. मी तर अकोटला परत जायचं मनाशी ठरवलं होतं.

त्या सकाळी मी चहाचा ट्रे घेऊन हॉलच्या दारात आले होते. लाइन गेली होती. यांनी चेंडू सोडला. फार छान सोडला. विहीणबाई थोडा वेळ दूरवर पाहिल्यासारखं करून म्हणाल्या, "चार."

"खो..." असा आवाज आला. मला वाटलं, कुणाला ठसका लागला.

"खो...टं," हे म्हणाले.

देवाशपथ सांगते, कुठल्याही भल्या बाईनं अशा वेळी हात जोडले असते, डोळे पुसले असते, पेढे मागवले असते. विहीणबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"खोटं कसं? चारच पडल्या."

"सा...त."

"सात? तुमी मोजल्या काय? काहून, मी आंधळी हाय?"

"सात!" यांनी डाव्या हातानं खुर्चीवर थाप मारली. "कोप... कोपऱ्यात. तीन... ऱ्हायल्या."

"कोपऱ्यात दोनच बाटल्या असतात, इवाई!"

"तीन!"

आणि जी नव्हतीच, अशा बाटलीवरून ते दोघं चहा थंड होईपर्यंत भांडले. यांचे शब्द अडखळत, धडपडत, अर्धे तुटून येत होते, पण येत होते. एकही शब्द विहीणबाईंनी पुरवला नाही आणि एकही तोडला नाही. गजरेवाल्या काकू पदरानं डोळे पुसत होत्या. मी ट्रे बाकावर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून रडले. आनंद तर झालाच होता, पण खरं सांगू, रागही तितकाच आला होता. मी महिनोन्‌महिने याच माणसाला घास भरवला, कूस बदलली, रात्रंदिवस तोंडाकडे पाहत बसले. आणि पहिला शब्द निघाला तो विहिणीसाठी! माझी हाक त्यानंतर पुष्कळ दिवसांनी आली. संध्याकाळी मी दूध गाळत होते. मागून ऐकू आलं, "अवं." मी वळलेच नाही, भास वाटला. पुन्हा आलं, "अवं." मी गाळणी टाकून धावले. यांनी माझा हात धरला, बराच वेळ ओठ जुळवले आणि म्हणाले, "इहीन... लबाड हाय." मला इतकं हसू आलं आणि त्याच हसण्यात इतकं रडू आलं, की विहीणबाई जिन्यातून ओरडल्या, "काय झालं वं वर? कोनं काय सांडलं?"

मी त्यांना एकदा सरळ विचारलं. म्हटलं, "विहीणबाई, तुम्ही तेव्हा मुद्दाम खोटे गुण सांगत होता ना, हे चिडून बोलावेत म्हणून?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या घराण्यालाच बोल लावला. "मी? मी तं जिंकून राहिली होती," त्या म्हणाल्या आणि भाजी चिरायला लागल्या. त्यात खरं किती आणि खोटं किती, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

मग लेकीचे दिवस भरत आले आणि विहीणबाई बंगलोरला गेल्या. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे माहेरचं, माझं. पण यांना टाकून मला जाता येईना, तर त्या म्हणाल्या, "तुमी इवाई सांभाळा, मी पोरगी सांभाळते." बडनेऱ्याला गाडीत बसल्यावरही मला सूचना चालूच होत्या: वर्ग बंद पडू देऊ नका, कास्टा सोडू नका, काकूंना गोऱ्याच्या समोर उभं करू नका. गाडी हलली, तेव्हा मला वाटलं, सुटले बाई एकदाची. घरी येऊन हॉलचं दार उघडलं, तर इतकं शांत वाटलं की पंखा लावावासा वाटला, नुसता आवाजासाठी.

आता वर्ग मी चालवते. आमच्या भागात लाइन हल्ली फारशी जात नाही. यंत्र गुण बरोबर मोजतं, कुणाची फसवणूक होत नाही, पाळीवरून कुरबुर होत नाही. हे खुर्चीवर बसून पाहतात आणि गप्प असतात. मी म्हटलं, टीव्ही बंद करते, आपण खेळू. मीही खोटे गुण सांगून पाहिले. यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं आणि मान डोलावली. माझं खोटं त्यांनी खपवून घेतलं! दिवसाचे शब्द कमी कमी होत चालले, तशी मी ते बोटांवर मोजू लागले. शेवटी एका संध्याकाळी मीच बंगलोरला फोन लावला आणि यांच्या कानाशी धरला. पलीकडून नातवाचं रडणं ऐकू आलं आणि त्याच्या वरताण विहीणबाईंचा आवाज, "इवाई, काल मी इथं सोसायटीच्या बायायले हरवलं. दहाच्या दहा!"

हे ताठ बसले. "कोनं... पाह्यल्या?" त्यांनी विचारलं.

तेव्हापासून संध्याकाळचा फोन ठरलेलाच आहे. मी फोनचा आवाज मोठा करून तो यांच्यासमोर ठेवते आणि स्वयंपाकघरात जाते. चहा झालेला असतो, कपात ओतलेलाही असतो. पण बाहेरचं भांडण संपेपर्यंत मी तो घेऊन जात नाही.